उद्बोधन वर्ग : विद्यापीठाच्या भाषेची पहिली ओळख

घटक १

१.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस :
• उद्बोधन वर्गाचे प्रयोजन व त्यातील कामकाजाचा क्रम स्पष्ट करता येईल.
• विद्यापीठीय व्यवहारातील प्रमुख संज्ञांचे अर्थ त्यांच्या रोजच्या अर्थांपासून वेगळे करून सांगता येतील.
• प्रश्न विचारताना वाटणाऱ्या संकोचामागील भाषिक कारणे ओळखता येतील.
• स्वतःच्या अभ्यासासंबंधी नेमके प्रश्न तयार करता येतील.

१.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतल्यानंतर अभ्यासकेंद्राकडून येणारे पहिले निमंत्रण बहुधा उद्बोधन वर्गाचे असते. कन्नड, सिल्लोड, वैजापूर, पैठण या तालुक्यांतून एसटीने छत्रपती संभाजीनगरला येणारे, वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यातील रात्रपाळी संपवून थेट वर्गात येऊन बसणारे, घरचे सारे आवरून आणि लहान मुलाला शेजारी सोपवून येणारे असे नाना प्रकारचे विद्यार्थी त्या दिवशी एकत्र येतात. पुष्कळजण येतही नाहीत. माहितीपुस्तिका हातात आहे, पुस्तके मिळणारच आहेत, मग एका सुट्टीवर आणि प्रवासखर्चावर पाणी का सोडायचे, असा त्यांचा विचार असतो. हा विचार चुकीचा का आहे, हे एका अनुभवावरून सांगते.

काही वर्षांपूर्वी या शहरातील एका अभ्यासकेंद्रात मी संमंत्रक म्हणून काम करीत होते. उद्बोधन वर्गात मी व्यासपीठावरून सांगितले, "गृहपाठ विहित मुदतीत सादर करणे अनिवार्य आहे." शेवटच्या बाकावर चाळिशी ओलांडलेले, वाळूजच्या एका कारखान्यात काम करणारे एक विद्यार्थी बसले होते. त्यांनी हे वाक्य वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले. गृहपाठ मात्र त्यांनी दिला नाही. वर्षभराने त्यांची पुन्हा भेट झाली तेव्हा कारण कळले. 'सादर करणे' हा शब्दप्रयोग त्यांच्या ओळखीचा होता, परंतु तो गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेतून : अमुक कलाकार भक्तिगीत सादर करतील. गृहपाठही सर्वांसमोर उभे राहून वाचून दाखवायचा असतो, असा अर्थ त्यांनी लावला. लोकांसमोर उभे राहण्याच्या धास्तीने ते त्या तारखेला केंद्रावर आलेच नाहीत. पूर्ण लिहिलेली उत्तरे त्यांच्या घरी पिशवीत तशीच राहिली होती.

त्यांनी लावलेला अर्थ मराठीत खराच आहे. त्यामुळे चूक त्यांची म्हणता येत नाही. एका शब्दाचे दोन अर्थ असताना मला अभिप्रेत असलेला अर्थ सर्वांना ठाऊक आहे, असे मी गृहीत धरले, ही माझी चूक होती. परंतु सभागृहात त्या दिवशी कोणी हात वर करून "सादर करणे म्हणजे नेमके काय करायचे?" एवढे विचारले असते, तर त्यांचे ते वर्ष वाचले असते. उद्बोधन वर्गात मिळणारी बहुतेक माहिती पुस्तिकेतही छापलेली असते. तेथे प्रत्यक्ष जाण्याचे कारण असे की, छापील शब्दाचा अर्थ तेथे एखाद्या माणसाला विचारता येतो. या घटकात आपण उद्बोधन वर्गाचा विचार मुख्यतः याच दृष्टीने करणार आहोत.

१.२ 'उद्बोधन' : शब्द आणि संकल्पना

'उद्बोधन' हा शब्द 'उद्' हा उपसर्ग आणि 'बुध्' हा संस्कृत धातू यांपासून बनला आहे. 'बुध्' म्हणजे जागे होणे, जाणणे. बोध, बुद्धी, बुद्ध हे शब्दही याच धातूपासून आले आहेत. त्यामुळे उद्बोधन म्हणजे जागे करणे, जाणीव करून देणे. बोलताना आपण ज्याला 'ओरिएंटेशन' म्हणतो, त्या शब्दामागील कल्पना वेगळी आहे. त्याचे मूळ उगवत्या सूर्याच्या, म्हणजेच पूर्व दिशेच्या लॅटिन नावात आहे. पूर्व कोठे आहे हे कळले की उरलेल्या दिशा आपोआप कळतात. एका शब्दात जागे होण्याची, तर दुसऱ्यात दिशा ओळखण्याची कल्पना आहे. नव्या विद्यार्थ्याला दोन्हींची गरज असते.

नियमित महाविद्यालयांतही या कल्पनेला अलीकडे महत्त्व आले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' या नावाने नवागत विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि सुमारे तीन आठवड्यांचा प्रारंभिक कार्यक्रम सुचविला. शिवाय तेथील विद्यार्थ्याला पुढे रोजचा वर्ग असतो. एखादी सूचना कळली नाही, तर मधल्या सुट्टीत शेजारच्या मित्राला विचारता येते. सूचनाफलक येता-जाता नजरेस पडतो.

दूरशिक्षणात हा शेजार नसतो. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. भारतात पहिले मुक्त विद्यापीठ हैदराबाद येथे १९८२ मध्ये, राष्ट्रीय पातळीवरील इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये आणि नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झाले. वय, नोकरी, संसार, अंतर यांमुळे शिक्षणापासून दूर राहिलेल्यांपर्यंत शिक्षण नेणे, हा या सर्वांचा हेतू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे घोषवाक्य तेच सांगते. मात्र शिक्षण घरी आले की शंका आणि अडचणीही घरीच उद्भवतात, आणि तेथे त्या विचारायला समोर कोणी नसते. म्हणून नियमित महाविद्यालयात काही आठवड्यांत होणारी ओळख दूरशिक्षणात एक-दोन दिवसांत करून घ्यावी लागते.

१.३ उद्बोधन वर्गात काय घडते?

प्रत्येक केंद्राचा कार्यक्रम थोडाफार वेगळा असला, तरी त्यात पुढील टप्पे सामान्यतः असतात.

१.३.१ नोंदणी व ओळख

प्रारंभी उपस्थिती नोंदविली जाते. प्रवेश अर्जाची प्रत, ओळखपत्र, शुल्काची पावती आणि कायम नोंदणी क्रमांक सोबत ठेवावा. नावाचे शुद्धलेखन याच दिवशी तपासून घ्यावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'ज्ञानेश्वर' आणि प्रवेश अर्जावर 'ज्ञानोबा', किंवा विवाहानंतर बदललेले आडनाव, अशा बाबी आज किरकोळ वाटतात. पदवी प्रमाणपत्राच्या वेळी त्याच मोठा अडथळा ठरतात.

यानंतर केंद्राचे काम पाहणारे केंद्र संयोजक आणि विषयाचे मार्गदर्शन करणारे संमंत्रक यांची ओळख करून दिली जाते. या दोन भूमिका वेगळ्या आहेत. शुल्क, परीक्षा अर्ज, ओळखपत्र, पुस्तकांचे वाटप यांविषयी केंद्राच्या कार्यालयास विचारावे. घटकातील आशय, उत्तरलेखन, संदर्भवाचन यांविषयी संमंत्रकांना विचारावे. चुकीच्या दाराशी विचारलेला प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो आणि विद्यार्थ्याला वाटते की आपला प्रश्नच चुकीचा होता.

१.३.२ शिक्षणक्रमाची रचना

पदवीसाठी एकूण किती श्रेयांक लागतात, पहिल्या सत्रात कोणते अभ्यासक्रम आहेत, अनिवार्य कोणते व ऐच्छिक कोणते, हे येथे सांगितले जाते. हा भाग वेगाने उरकला जातो, म्हणून माहितीपुस्तिकेतील तक्ता समोर उघडून ठेवावा आणि आपण निवडलेल्या अभ्यासक्रमांवर खूण करावी.

१.३.३ मूल्यमापन

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मुक्त व दूरस्थ शिक्षणविषयक २०२० च्या विनियमांनुसार सत्रादरम्यानच्या सातत्यपूर्ण मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला किमान ७० टक्के भारांश असतो. गृहपाठ हा या पहिल्या भागाचा घटक होय. परीक्षेच्या तीन तासांत भीतीमुळे जे हातून निसटते, त्यातील काही भाग घरी शांतपणे लिहून मिळविण्याची ही संधी आहे. प्रौढ विद्यार्थ्यांनी ती विशेषतः दवडू नये.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न – १

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. 'उद्बोधन' या शब्दातील मूळ धातू ______ हा आहे.
२. घटकातील आशयाविषयीची शंका ______ यांना विचारावी.
(ब) चूक की बरोबर ते सांगा.
१. नावातील फरक पदवी प्रमाणपत्राच्या वेळीच दुरुस्त करणे सोयीचे असते.
२. सातत्यपूर्ण मूल्यमापनाचा भारांश जास्तीत जास्त ३० टक्के असतो.

१.४ विद्यापीठाची भाषा : ओळखीचे शब्द, निराळे अर्थ

न्यायालय, दवाखाना, बाजार, मंदिर या प्रत्येक व्यवहाराची स्वतःची अशी भाषा असते. व्याकरण मराठीचेच, परंतु शब्दांची निवड, त्यांचे अर्थ आणि वाक्यांची ठेवण त्या व्यवहाराने ठरविलेली असते. अशा भाषेला आपण व्यवहारविशिष्ट भाषा म्हणू. विद्यापीठाची भाषाही अशीच आहे. तिच्यातील पूर्णपणे अनोळखी शब्द फारसे त्रास देत नाहीत, कारण ते कळले नाहीत हे आपल्याला कळते. अडचण होते ती ओळखीच्या शब्दांनी. ते कळले असे वाटते आणि आपण पुढे जातो.

सादर करणे : 'सादर' म्हणजे स-आदर, आदरासह. वरिष्ठांपुढे आदरपूर्वक ठेवणे हा त्याचा कार्यालयीन अर्थ. कलाकारही रसिकांपुढे आपली कला आदराने ठेवतो. त्यातून रंगमंचावरील अर्थ आला. विद्यापीठात 'सादर करा' म्हणजे लिहून, ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या पद्धतीने द्या.

शिक्षणक्रम व अभ्यासक्रम : रोजच्या बोलण्यात 'अभ्यासक्रम' म्हणजे वर्षभरात शिकायचे सर्व काही. मुक्त विद्यापीठाच्या परिभाषेत बी. ए. ही संपूर्ण पदवी म्हणजे शिक्षणक्रम आणि त्यातील एकेक विषयपत्रिका म्हणजे अभ्यासक्रम. "तुमचा एक अभ्यासक्रम राहिला आहे" हे वाक्य ऐकून सगळी पदवीच बुडाली, असे समजण्याचे कारण नाही.

सत्र : संस्कृतात 'सत्र' म्हणजे दीर्घकाळ चालणारा यज्ञ. 'अन्नसत्र' आणि 'सत्र न्यायालय' या शब्दांत तो वेगवेगळ्या अर्थच्छटांनी उतरला. विद्यापीठात तो दोन अर्थांनी येतो : साधारण सहा महिन्यांचा अध्ययनकाल (प्रथम सत्र, द्वितीय सत्र) आणि एका दिवसातील बैठक (संपर्कसत्र, दुपारचे सत्र). "सत्राला उपस्थित राहावे" या सूचनेत दुसरा अर्थ असतो.

संमंत्रक : 'मंत्र्' या धातूचा एक अर्थ विचारविनिमय करणे. 'सम्' म्हणजे एकत्र. संमंत्रक हा विद्यार्थ्यासोबत विचार करणारा शिक्षक होय. संमंत्रणाच्या तासाला संपूर्ण घटक शिकविला जाईल, ही अपेक्षा ठेवून आलेला विद्यार्थी निराश होतो. घटक वाचून, खुणा करून यावा आणि अडलेल्या जागी चर्चा करावी, असे त्या तासाचे स्वरूप आहे. काही कागदपत्रांत यासाठी 'समुपदेशन' हा शब्द आढळतो. तेथे मानसिक अडचणींवरील सल्ला असा अर्थ नसून अभ्यासविषयक मार्गदर्शन असा अर्थ आहे.

श्रेयांक : गुण आणि श्रेयांक यांत नेहमी गोंधळ होतो. गुण हे आपण किती चांगले लिहिले ते दाखवितात. श्रेयांक हे किती अभ्यास पूर्ण केला ते दाखवितात. चार श्रेयांकांच्या अभ्यासक्रमात काठावर उत्तीर्ण झालेल्यालाही चारच श्रेयांक मिळतात आणि प्रथम आलेल्यालाही चारच.

श्रेयांकाचा संबंध वेळेशी असतो, म्हणून येथे थोडे गणित करू. वर उल्लेखिलेल्या विनियमांनुसार एका श्रेयांकासाठी किमान ३० तासांचे अध्ययन अपेक्षित आहे. म्हणजे चार श्रेयांकांच्या एका अभ्यासक्रमासाठी १२० तास. सत्राचे २० आठवडे धरले, तर आठवड्याला ६ तास. असे पाच अभ्यासक्रम असल्यास आठवड्याला ३० तास. वाचन, टिपणे, संपर्कसत्रे, गृहपाठ, उजळणी हे सर्व त्यात धरलेले आहे. तरीही नोकरी आणि घर सांभाळणाऱ्यास हा आकडा मोठा वाटेल, आणि तो मोठा आहेच. उद्बोधन वर्गात हे कोणी स्पष्टपणे सांगितले नाही, तर तुम्ही विचारावे. प्रवेशाच्या पहिल्याच महिन्यात खरा आकडा समजलेला विद्यार्थी वेळेची आखणी करतो, आणि तेवढा वेळ मिळणे शक्यच नसेल, तर पदवी पूर्ण करण्याची कमाल मुदत किती आहे आणि राहिलेले अभ्यासक्रम पुढे कसे पूर्ण करता येतात, याची चौकशी करतो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हा आकडा उमगलेला विद्यार्थी बहुधा शिक्षणच सोडतो, आणि दोष स्वतःच्या बुद्धीला देतो.

१.५ प्रश्न विचारण्याचा संकोच

१.५.१ संकोचाची भाषिक कारणे

उद्बोधन वर्गाच्या शेवटी "कोणाला काही शंका?" असे विचारले जाते आणि सभागृहात शांतता पसरते. कार्यक्रम संपताच मात्र जिन्यात, पार्किंगमध्ये, चहाच्या टपरीवर हेच विद्यार्थी एकमेकांना विचारू लागतात, "काय म्हणाल्या मॅडम? तारीख कोणती सांगितली?" शंका असतात, विचारल्या मात्र जात नाहीत. याचे कारण केवळ लाजाळूपणा नव्हे.

अमेरिकन भाषावैज्ञानिक डेल हाइम्स यांनी १९६० च्या दशकात 'संप्रेषणक्षमता' ही संकल्पना मांडली. भाषा येणे म्हणजे व्याकरणदृष्ट्या बरोबर वाक्ये तयार करता येणे एवढेच नव्हे. कोणाशी, केव्हा, कोठे, कसे बोलावे हे जाणणेही भाषा येण्याचाच भाग आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. शेतीमालाचा भाव ठरविताना, बचत गटाच्या बैठकीत किंवा कारखान्यात पर्यवेक्षकाशी बोलताना ज्यांची जीभ अडखळत नाही, ते सभागृहात गप्प होतात, कारण या नव्या ठिकाणचे बोलण्याचे नियम त्यांना अजून कळलेले नसतात. ही उणीव सरावाने भरून निघते. बुद्धीशी तिचा संबंध नाही.

दुसरे कारण बोलीविषयीच्या न्यूनगंडाचे. मराठवाड्यात "मी फॉर्म भरायलो", "ती अभ्यास करायली" असे म्हणतात. "असं काहून?" असेही विचारतात. प्रमाण मराठीत "मी अर्ज भरत आहे" असे म्हटले जाते. पहिले रूप 'अशुद्ध' आणि दुसरे 'शुद्ध' अशी समजूत शाळेपासून रुजलेली असते. भाषाविज्ञान तसे मानत नाही. 'भरायलो–भरायली' या रूपांत लिंग आणि पुरुष यांनुसार होणारे बदल नियमबद्ध आहेत. क्रिया चालू असल्याचा अर्थ ती रूपे अचूकपणे व्यक्त करतात. प्रमाण भाषेची प्रतिष्ठा ही शिक्षण, शासन आणि छपाई यांच्या इतिहासातून आलेली आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पियेर बोर्दिय यांनी तर असे मांडले की, शैक्षणिक भाषा ही कोणाचीच मातृभाषा नसते. काहींच्या घरची भाषा तिला जवळची असते, काहींची दूरची, एवढाच फरक. गृहपाठ आणि उत्तरपत्रिका प्रमाण मराठीत लिहावयाची असते, आणि ती भाषा आपण येथे शिकणार आहोत. प्रश्न विचारण्यासाठी मात्र ती आधी यावी लागते, असा नियम कोठेही नाही.

१.५.२ आपल्या परिसरातील दोन दाखले

मराठीच्या विद्यार्थ्याला या संदर्भात आपल्याच जिल्ह्यातील दोन गोष्टी ठाऊक असाव्यात.

पहिली गोष्ट पैठणशी संबंध असलेल्या महानुभाव पंथाची. पैठण येथे वास्तव्य केलेल्या चक्रधर स्वामींनी आपले तत्त्वज्ञान संस्कृतात न सांगता लोकांच्या मराठीत सांगितले. त्यांच्यानंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. पंथात संस्कृत जाणणारे पंडितही होते. 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात असा प्रसंग आहे की, संस्कृतात प्रश्न विचारला गेला असता नागदेवाचार्यांनी ती भाषा नाकारली आणि स्वामींनी मला मराठीत सांगितले आहे, तेव्हा मराठीतच विचारा, असे बजावले. येथे प्रश्नाला नकार नव्हता. उलट, सर्वांना कळेल अशा भाषेत प्रश्न विचारण्याचा आग्रह होता. हा प्रसंग तुम्हाला प्राचीन मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात पुन्हा भेटेल.

दुसरी गोष्ट आधुनिक काळातील. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागत असे. मराठी घरातील सामान्य मुलासाठी अंतर आणि भाषा असे दोन्ही अडथळे होते. अशा परिस्थितीत १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या वेळच्या औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला 'मिलिंद' हे नाव मिळाले आणि त्याचा परिसर 'नागसेनवन' म्हणून ओळखला जाऊ लागला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, ज्याचा १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले.

'मिलिंद' या नावाकडे भाषेच्या विद्यार्थ्याने लक्ष द्यावे. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर. त्याने नागसेन या बौद्ध भिक्खूला विचारलेले प्रश्न आणि नागसेनाची उत्तरे यांचा पाली ग्रंथ म्हणजे 'मिलिंदपञ्ह'. पालीतील 'पञ्ह' म्हणजे आपला 'प्रश्न'. ग्रंथाला नाव मिळाले ते मिलिंदाच्या प्रश्नांवरून, आणि महाविद्यालयालाही नाव मिळाले ते प्रश्नकर्त्याचेच. उत्तर देणाऱ्याचे नाव भोवतीच्या परिसराला आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना प्रश्न विचारण्याची मुभाच नव्हती, त्यांच्या मुलांसाठी उघडलेल्या शिक्षणसंस्थेच्या दारावर हे नाव आहे, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे "कोणाला काही शंका?" या साध्या वाक्याचे मोल कळते. ते वाक्य औपचारिक नाही. तो तुमचा अधिकार आहे.

१.६ प्रश्नाची तयारी

चांगला प्रश्न जागच्या जागी सुचेलच असे नाही. म्हणून उद्बोधन वर्गापूर्वी माहितीपुस्तिका एकदा वाचावी, न कळलेल्या शब्दांखाली रेघ ओढावी आणि किमान तीन प्रश्न वहीत लिहून न्यावेत. प्रश्न जितका नेमका, तितके उत्तर उपयोगी. पुढील जोड्या पाहा.

१. मोघम : "परीक्षेचं कसं असतं?" नेमका : "परीक्षा अर्ज भरण्याची अंतिम तारीख कोठे जाहीर होते, आणि तो मीच भरायचा की केंद्र भरते?"
२. मोघम : "गृहपाठ कळला नाही." नेमका : "प्रत्येक अभ्यासक्रमाचा गृहपाठ वेगळ्या वहीत लिहायचा का? तो दिल्याची पोच मिळते का?"
३. मोघम : "नोकरीमुळे जमेल का?" नेमका : "माझी पाळी दर आठवड्याला बदलते. रविवारचे संपर्कसत्र चुकल्यास त्याऐवजी काय करता येईल?"
४. मोघम : "नापास झालो तर?" नेमका : "एका अभ्यासक्रमात अनुत्तीर्ण झाल्यास पुढच्या सत्रात प्रवेश मिळतो का, आणि पदवीची कमाल मुदत किती वर्षांची आहे?"

उजवीकडील प्रश्नांत हवी असलेली माहिती नेमकेपणाने विचारलेली आहे किंवा स्वतःच्या परिस्थितीचा स्पष्ट उल्लेख आहे, हे ध्यानात घ्या. सर्वांसमोर विचारणे जड वाटत असेल, तर प्रश्न चिठ्ठीवर लिहून व्यासपीठावर पाठवावा. उत्तर मिळाल्यावर ते आपल्या शब्दांत पुन्हा म्हणून खात्री करून घ्यावी : "म्हणजे मी तो केंद्रावर आणून द्यायचा, बरोबर?" व्यवहारात आपण पत्ता किंवा रक्कम अशीच पुन्हा उच्चारून पक्की करतो. 'सादर करणे' सारखे गैरसमज या एका सवयीने टळतात.

१.७ उद्बोधनानंतरचा पहिला महिना

उद्बोधनाचा परिणाम टिकावा यासाठी पहिल्या महिन्यात चार कामे करावीत. पहिल्या आठवड्यात सर्व महत्त्वाच्या तारखा घरातील दिनदर्शिकेवर लिहाव्यात. अभ्यासाची वेळ ही घरातल्या सर्वांना ठाऊक असलेली वेळ असावी. दुसऱ्या आठवड्यात एका अभ्यासक्रमाचा पहिला घटक वाचून त्यातील स्वयंअध्ययनाचे प्रश्न, उत्तरे न पाहता, सोडवावेत. तिसऱ्या आठवड्यात आपल्या गावातील वा कामाच्या ठिकाणच्या दोन-तीन सहाध्यायांशी संपर्क ठेवून छोटा अभ्यासगट करावा. दूरशिक्षणात नसलेला शेजार असा निर्माण करता येतो. चौथ्या आठवड्यात एका गृहपाठ-प्रश्नाचे उत्तर लिहून संमंत्रकांना दाखवावे. अनेक वर्षांनी हातात लेखणी घेतलेल्याचे पहिले उत्तर अर्ध्या पानाचे झाले, तरी ते दाखवावे. संमंत्रकाला त्यातून तुमची गरज कळते.

१.८ सारांश

उद्बोधन वर्ग ही विद्यापीठाच्या व्यवहाराची आणि त्याच्या भाषेची पहिली ओळख होय. दूरशिक्षणात रोजचा वर्ग नसल्याने या एका दिवसाचे महत्त्व अधिक असते. विद्यापीठीय भाषेतील ओळखीचे वाटणारे शब्द अनेकदा निराळ्या अर्थाने वापरले जातात आणि त्यांतून वर्ष वाया जाण्याइतके गैरसमज होऊ शकतात. प्रश्न विचारण्याचा संकोच हा बुद्धीच्या उणिवेतून येत नाही. नव्या भाषाव्यवहाराचा सराव नसणे आणि बोलीविषयीचा न्यूनगंड ही त्याची कारणे आहेत. आपल्या बोलीत प्रश्न विचारून प्रमाण भाषेतील उत्तरापर्यंत पोहोचणे, हा शिक्षणाचा रास्त मार्ग आहे. प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या विद्यार्थ्यांनी पुढच्या वर्षीच्या उद्बोधन वर्गात पहिला हात वर केला होता. त्यांचा प्रश्न होता, "मॅडम, विहित म्हंजी काय?" त्या दिवसापासून मी 'विहित मुदत' न म्हणता 'ठरलेली तारीख' म्हणते, आणि विहित या शब्दाचा अर्थही सांगते.

१.९ पारिभाषिक शब्द

अभ्यासक्रम : शिक्षणक्रमातील एक विषयपत्रिका.
विहित मुदत : नियमाने ठरवून दिलेला कालावधी.
व्यवहारविशिष्ट भाषा : एखाद्या कार्यक्षेत्रात रूढ असलेली भाषेची विशिष्ट ठेवण.
शिक्षणक्रम : पदवी, पदविका वा प्रमाणपत्र यांसाठीची संपूर्ण अध्ययनयोजना.
श्रेयांक : पूर्ण केलेल्या अध्ययनाचे परिमाण.
संप्रेषणक्षमता : प्रसंग, व्यक्ती व हेतू यांना अनुरूप भाषा वापरण्याची क्षमता.

१.१० स्वयंअध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) १. बुध्, २. संमंत्रक. (ब) १. चूक, २. बरोबर.

१.११ सरावासाठी प्रश्न व उपक्रम

१. 'ओळखीचे शब्दच अधिक गैरसमज निर्माण करतात' हे विधान विद्यापीठीय भाषेतील तीन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.
२. संप्रेषणक्षमतेची संकल्पना सांगून उद्बोधन वर्गाच्या संदर्भात तिचे महत्त्व विशद करा.
३. उपक्रम : आपल्या व्यवसायात किंवा घरकामात वापरले जाणारे, परंतु इतरत्र वेगळ्या अर्थाने येणारे पाच शब्द लिहा आणि त्यांचे दोन्ही अर्थ द्या. ही यादी पहिल्या संपर्कसत्राला सोबत आणा. विद्यापीठाची भाषा तुम्ही शिकत असताना तुमच्या कामाची भाषाही वर्गात यावी, हा या उपक्रमाचा हेतू आहे.